पडद्यावरची आग आणि गावातली आग



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाच्या दिवशी एका भयपटाविषयी बोलायचे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटले असेल. इतिहास म्हटला की तह, स्वाऱ्या आणि सनदा डोळ्यांपुढे येतात. परंतु लोकांनी काय पाहिले, पाहून ते काय बोलले आणि बोलून त्यांनी काय मिळवले, हाही इतिहासच आहे. मी कामगार संघटनेत आयुष्य घालवलेला माणूस आहे. चित्रपटाच्या कलेवर निकाल देण्याचा अधिकार मी सांगत नाही. मी आज बोलणार आहे ते प्रेक्षकांविषयी, आणि विशेषतः एका लहान गावातील प्रेक्षकांविषयी.

जगाचा अंत ही कल्पना माणसाला फार जुन्या काळापासून मोह घालीत आली आहे. प्रलयाच्या कथा आपल्या पुराणांत आहेत, तशा इतरांच्या धर्मग्रंथांतही आहेत. यंत्रयुगात हीच कल्पना कादंबरीत शिरली. मेरी शेली या इंग्रज लेखिकेने १८२६ साली, रोगाच्या साथीने सारी मानवजात नष्ट होऊन एकच पुरुष उरतो, अशी कादंबरी लिहिली. पुढे रिचर्ड मॅथेसन या अमेरिकन लेखकाने १९५४ मध्ये जवळपास हाच धागा घेऊन 'आय ॲम लेजंड' लिहिली. तिच्यावर १९६४, १९७१ आणि २००७ असे तीनदा चित्रपट निघाले. यांतील २००७ च्या चित्रपटाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निवडक प्रेक्षकांना तो आगाऊ दाखवला, त्यांना शेवट रुचला नाही, म्हणून शेवट बदलण्यात आला. म्हणजे प्रेक्षकाच्या मताला किंमत नसते असे नाही. ज्याच्या नापसंतीने गल्ला बुडेल, त्याच्या मताला किंमत असते. ज्याच्याकडे गल्लाच नाही त्याचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

आता मुख्य चित्रपटाकडे येऊ. जॉश मॅलरमन या अमेरिकन लेखकाची 'बर्ड बॉक्स' ही कादंबरी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यावरून सुसान बीर या डॅनिश दिग्दर्शिकेने काढलेला चित्रपट नेटफ्लिक्स कंपनीने २१ डिसेंबर २०१८ रोजी जगभर घरोघरी उपलब्ध केला. सँड्रा बुलक ही नामांकित नटी त्यात नायिका आहे. कथानक थोडक्यात असे. पृथ्वीवर काही अज्ञात शक्ती अवतरतात. त्यांच्याकडे जो पाहील तो वेडापिसा होऊन स्वतःचा जीव घेतो. जगायचे तर घराबाहेर डोळ्यांवर पट्टी बांधली पाहिजे. दोन लहान मुलांना घेऊन, तिघांच्याही डोळ्यांवर पट्टी बांधून, नायिका नदीतून होडीने सुरक्षित जागेच्या शोधात निघते. त्या शक्ती पडद्यावर एकदाही दाखवलेल्या नाहीत. भीती आहे ती केवळ पाहण्याची.

या चित्रपटाला मिळालेल्या प्रतिक्रिया तीन प्रकारच्या होत्या. पहिली आकड्यांची. आठ दिवसही उलटले नव्हते तोच कंपनीने जाहीर केले की साडेचार कोटींहून अधिक खात्यांवर हा चित्रपट पाहिला गेला. आकडा कंपनीचा, मोजणारीही कंपनीच. आकडा मोठा होता यात शंका नाही, पण पाहणाऱ्याला काय वाटले हे आकडा सांगत नाही. मनोरुग्णांना या कथेत दुष्टांच्या बाजूला उभे केले आहे, अशी तक्रार काहींनी त्याच दिवसांत केली. ती त्या आकड्यात कुठेच दिसली नाही.

दुसरी प्रतिक्रिया खेळाची. नायिकेप्रमाणे डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचे, जिने उतरायचे आणि त्याची चित्रफीत लोकांपुढे मांडायची, अशी लाटच तरुणांत उसळली. जानेवारी २०१९ च्या आरंभी खुद्द नेटफ्लिक्सला, असे करून दवाखान्यात जाऊ नका, अशा आशयाची विनवणी करावी लागली. त्याच महिन्यात अमेरिकेतील युटा राज्यात एका अल्पवयीन मुलीने टोपी डोळ्यांवर ओढून मोटार चालवली आणि समोरच्या वाहनावर घातली. प्राणहानी टळली, हे नशीब. यूट्यूबनेही अशा जिवावरच्या आव्हानांविरुद्धचे आपले नियम त्याच महिन्यात अधिक कडक केले. वर्तमानपत्रांतून या खेळाची चर्चा पुष्कळ झाली आणि विरून गेली.

तिसरी प्रतिक्रिया कॅनडातून आली. क्वेबेक प्रांतात लाक-मेगँतिक नावाचे सुमारे सहा हजार वस्तीचे एक गाव आहे. या चित्रपटाच्या पूर्वार्धात जगभर माजलेल्या हाहाकाराच्या बातम्या दूरचित्रवाणीवर दाखवल्या आहेत. त्यांत काही क्षण एका भडकलेल्या आगीचे दृश्य येते. जगातल्या कोट्यवधी लोकांनी ते कल्पित आग म्हणून पाहिले आणि पुढे गेले. लाक-मेगँतिकच्या लोकांनी मात्र ते ओळखले. ती आग चित्रपटाने लावलेली नव्हती. ते त्यांचेच गाव जळत होते.

ही आग काय होती, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. त्याखेरीज त्या लोकांचा संताप समजणार नाही.

५ जुलै २०१३ च्या रात्री माँट्रियल, मेन अँड अटलांटिक या रेल्वे कंपनीची एक मालगाडी लाक-मेगँतिकपासून सुमारे ११ किलोमीटरवर नाँत या ठिकाणी थांबली. गाडीला पाच इंजिने होती आणि कच्च्या खनिज तेलाने भरलेल्या ७२ टाकी-वाघिणी होत्या. हे तेल अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातले. एवढ्या गाडीवर माणूस किती? एक. आदल्या वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, कंपनीने एकाच माणसावर गाडी चालवण्यास सरकारची मुभा मिळवली होती.

गाडी उभी केली ती मेन लाइनवर, गावाकडे उतरत्या रुळांवर. उतार शंभर मीटरला सुमारे सव्वा मीटर. शेजारच्या सायडिंगला निसटलेली वाघीण रुळांवरून पाडून थांबवणारी सोय होती, पण त्या सायडिंगवर कंपनीने रिकाम्या वाघिणी ठेवल्या होत्या. ड्रायव्हरने सात हँडब्रेक लावले आणि इंजिनाचा हवेचा ब्रेकही चालू ठेवला. पुढचे इंजिन धूर ओकत होते, हे त्याने नियंत्रकाला कळवले होते. ठरले असे की सकाळी पाहू. ड्रायव्हर टॅक्सीने लाक-मेगँतिकमधील मुक्कामाच्या हॉटेलवर गेला.

मध्यरात्रीच्या सुमारास त्या इंजिनाने पेट घेतला. या इंजिनाची आठ महिन्यांपूर्वी जी दुरुस्ती झाली होती ती नीट भाग न बसवता डिंकासारख्या एका पदार्थाने भागवलेली होती, असे पुढे चौकशीत निघाले. बंबवाले आले, नियमाप्रमाणे इंजिन बंद केले, आग विझवली. कंपनीने जागेवर जो माणूस पाठवला त्याला इंजिनाची माहिती नव्हती. ड्रायव्हरने फोनवर, मी तिकडे जाऊ का, असे विचारले. गरज नाही, असे उत्तर मिळाले. इंजिन बंद म्हणजे हवा भरणे बंद, आणि हवा गळत गेली की ब्रेक सैल. एक वाजण्याच्या सुमारास गाडी आपोआप सरकू लागली. सव्वा वाजता ती ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने गावाच्या मध्यभागी वळणावर आली आणि ६३ वाघिणी घसरल्या. साठ लाख लिटर तेल सांडले आणि पेटले. शुक्रवारची रात्र होती, म्युझी-कॅफे नावाच्या उपाहारगृहात गाणेबजावणे चालू होते. मृतांपैकी बहुसंख्य तेथलेच. एकंदर ४७ माणसे गेली, चाळीस इमारती नष्ट झाल्या. झोपेतून उठलेला तोच ड्रायव्हर बंबवाल्यांबरोबर धावला आणि मागच्या न घसरलेल्या नऊ तेलवाघिणी आगीपासून दूर ओढून नेण्यास त्याने हात लावला.

चारच दिवसांनी कंपनीचे अध्यक्ष गावात आले आणि त्यांनी ड्रायव्हरकडे बोट दाखवले. ऑगस्टमध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले. मे २०१४ मध्ये ड्रायव्हर, नियंत्रक आणि स्थानिक व्यवस्थापक अशा तिघांवर ४७ जणांच्या मृत्यूस कारण झाल्याचा खटला भरला. कारखान्यातली खातेनिहाय चौकशी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या क्रमाचे आश्चर्य वाटणार नाही. चौकशी वरून सुरू होते आणि दोष खाली येऊन थांबतो. पोलाद कामगारांच्या संघटनेने आपल्या सभासदांच्या बचावासाठी निधी जमवला. गावातल्या पुष्कळ लोकांचे म्हणणे असे की खरे जबाबदार लोक आरोपीच्या पिंजऱ्यात नाहीतच. ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांनी हे म्हणावे, याला मी मोठे मन म्हणतो. १९ जानेवारी २०१८ रोजी ज्यूरीने तिघांनाही निर्दोष सोडले. हँडब्रेकची नीट चाचणी न घेतल्याचा कमी गंभीर गुन्हा ड्रायव्हरने पुढे कबूल केला आणि त्याबद्दल तुरुंगाबाहेर अटींवर शिक्षा भोगली.

कॅनडाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल ऑगस्ट २०१४ मध्ये आला. त्याने एक नव्हे, अठरा कारणे मांडली. हँडब्रेक कमी होते, किमान सतरा तरी हवे होते, हे त्यात आहे. पण दुरुस्तीतली चालढकल, कंपनीतली सुरक्षेविषयीची बेपर्वाई आणि सरकारी देखरेखीतली ढिलाई हीही त्यात आहेत. दुसरा माणूस असता तर अपघात टळला असता असे निश्चित म्हणता येत नाही, असेही मंडळाने लिहिले. ते माझ्या पक्षाला गैरसोयीचे आहे म्हणून मी लपवणार नाही. पण अपघातानंतर तीन आठवड्यांच्या आत सरकारनेच धोकादायक मालाच्या गाडीवर निदान दोन माणसे हवीत असा हुकूम काढला, हेही सांगितले पाहिजे.

अशा या गावाने डिसेंबर २०१८ मध्ये आपली रात्र करमणुकीत पाहिली. खटल्याचा निकाल लागून वर्षही झाले नव्हते. निर्मात्यांनी हे मुद्दाम केले होते काय? तसे मानण्याचे कारण नाही. तयार चित्रफिती विकणाऱ्या एका कंपनीच्या साठ्यातून ते दृश्य आले होते. आग, स्फोट, पूर अशा नावांखाली फिती मिळतात. विकत घ्यायच्या आणि जोडायच्या. त्या साठ्यात गावाचे नाव आणि मेलेल्यांची संख्या आगीबरोबर येत नाही. नेटफ्लिक्सवरच्या 'ट्रॅव्हलर्स' या दुसऱ्या एका मालिकेतही हीच फीत निघाली. त्या मालिकेच्या निर्मात्यांनी क्षमा मागून ती बदलली. फीत विकणाऱ्या कंपनीनेही खेद व्यक्त केला. 'बर्ड बॉक्स'च्या बाबतीत मात्र नेटफ्लिक्सने आरंभी, पुढे काळजी घेऊ पण दृश्य काढणार नाही, अशी भूमिका घेतली.

नगराध्यक्षा ज्युली मोरिन यांनी मांडलेला मुद्दा साधा होता. बातम्यांत ही दृश्ये आदराने दाखवली तरी आमच्या लोकांना ती सोसवत नाहीत, मग ती कोणीतरी रचलेली असावीत अशा थाटात दाखवलेली कशी सोसवतील? हे प्रेक्षकाचेच मत होते, पण ते एकट्याचे राहिले नाही. गावाने नगरपालिकेकडे, नगरपालिकेने प्रांताकडे नेले. क्वेबेकच्या संस्कृतिमंत्री नताली रॉय यांनी कंपनीला पत्र धाडले. जानेवारीअखेर कॅनडाच्या संसदेने, दृश्य काढा आणि गावाला भरपाई द्या, असा ठराव एकमताने केला. या ठरावाला कायद्याचे बळ नव्हते. तरीही मार्च २०१९ मध्ये कंपनीने दिलगिरी व्यक्त करून दृश्य बदलण्याचे जाहीर केले. साडेचार कोटींच्या आकड्यापुढे सहा हजारांचे गाव टिकले, याचे कारण त्याचे म्हणणे एका तोंडाने आणि टप्प्याटप्प्याने पुढे गेले. संघटना म्हणजे याहून निराळे काही नसते.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. एक असा की काही क्षणांच्या दृश्यासाठी एवढा गदारोळ कशाला. त्याला उत्तर असे की मोठ्या दुःखाला ओळख पटायला क्षणही पुरतो. तुमचा जळालेला वाडा पडद्यावर आला तर तुम्ही घड्याळ लावून बसणार नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे. उद्या कोणीही आपले दुःख पुढे करून कलाकृतीला कात्री लावील, मग कलावंताच्या स्वातंत्र्याचे काय? मला हे स्वातंत्र्य प्रिय आहे. लाक-मेगँतिकवर कोणी चित्रपट काढला, त्यात कंपनीचा हिशेब मांडला, सरकारची झोप दाखवली, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन, मग तो पाहताना कितीही वेदना होवोत. येथे तसे नव्हते. ४७ माणसांचे मरण नाव पुसून, कारण पुसून, नुसती ज्वाळा म्हणून वापरले गेले. मजुराच्या हातांना जसे कारखान्यात नुसते 'हात' म्हणून मोजतात, तसाच हा प्रकार. त्याला नकार देणे म्हणजे कलेवर घाला नव्हे.

परंतु विजय केवढा झाला, हेही नीट मोजले पाहिजे. चित्रपटातले दृश्य निघण्यास तीन महिने लागले. टाकी-वाघिणींची जुनी कमकुवत जात कच्च्या तेलासाठी बंद करण्यास कॅनडात २०१६ चा नोव्हेंबर उजाडला. अपघाताच्या वर्षीच, डिसेंबर २०१३ मध्ये, गावाच्या मधून पुन्हा गाड्या धावू लागल्या. गावाबाहेरून रूळ नेण्याची घोषणा व्हायला २०१८ चा मे महिना यावा लागला. चित्र बदलणे तुलनेने सोपे असते, कारण त्यात कोणाचा नफा फारसा बुडत नाही. ज्या काटकसरीमुळे चित्र निर्माण झाले ती बदलणे अवघड असते.

'बर्ड बॉक्स'च्या कथेत जो पाहतो तो मरतो, आणि डोळे बांधतो तो वाचतो. नाँतच्या उतारावर उलटे घडले. इंजिनाची दुरुस्ती ज्यांनी तपासायची, एका माणसाच्या गाडीला मुभा देताना ज्यांनी विचार करायचा, सायडिंग का अडली आहे हे ज्यांनी पाहायचे, त्यांनी पाहिले नाही, आणि म्हणून इतर मेले. प्रेक्षक म्हणून आपल्या हाती थोडेच असते. पण पडद्यावर आग दिसली की ती कोणाच्या गावाची आणि कोणी लावलेली, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घेऊ शकतो. लाक-मेगँतिकच्या लोकांनी तेवढे विचारले, म्हणून आज आपल्याला त्या गावाचे नाव ठाऊक आहे.