डुकरीण व पिल्ले : निवारा आणि आहार

वराहपालनात गाभण व दूध पाजणाऱ्या माद्यांची आणि अंगावर पिणाऱ्या पिल्लांची राहण्याखाण्याची व्यवस्था. डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. सुधारित जातीची मादी एका वेतात साधारणतः १० ते १४ पिल्ले देते. जन्मलेले पिल्लू १ ते १.५ किग्रॅ. भरते, तर आईचे वजन दोनशे किग्रॅ.च्या घरात असते. पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसल्याने त्याला ३२° ते ३४° से. ऊब लागते, आईला मात्र १८° ते २०° से. मानवते आणि पारा २५° से.च्या वर गेला की तिचे खाणे घटते. एकाच खोलीत या दोघांना सांभाळायचे, हा या व्यवस्थेतला मूळ पेच आहे. गारठलेले पिल्लू आईच्या पोटाला बिलगते आणि ती आडवी होताना अंगाखाली सापडते. दूध तोडण्याआधीच्या मरतुकीचा मोठा वाटा पहिल्या तीन दिवसांतच येतो.

विण्याची जागा : चिरडण्यावर उपाय म्हणून १९६० नंतर पाश्चात्त्य देशांत प्रसूतिपिंजरा रूढ झाला. सुमारे ६० सेंमी. रुंदीच्या लोखंडी चौकटीत मादीला उठता-बसता येते, पण वळता येत नाही. बाजूला दिवा किंवा गरम फळी ठेवून पिल्लांना ऊब दिली जाते. चिरडणे यामुळे नक्कीच कमी होते. पण विण्यापूर्वीच्या दिवसभरात मादीला घर बांधण्याची अनावर ओढ असते, तिला पिंजऱ्यात वावच उरत नाही. एडिंबरोजवळच्या मोकळ्या आवारात स्टोल्बा व वुड-गश यांनी पाळीव डुकरांचा अभ्यास केला. पिढ्यान्‌पिढ्या गोठ्यात वाढलेल्या वाणाच्या माद्याही तेथे कळपापासून दूर जाऊन, जमीन उकरून गवत व फांद्यांचे घरटे रचत होत्या. पिंजऱ्यातली मादी तीच धडपड उघड्या काँक्रीटवर करते आणि सळ्या चावत राहते. अशा हालांना पशुकल्याणाच्या चर्चेत गौण मानणे योग्य नाही.

स्वीडनने १९८८ च्या कायद्यानंतर पेंढा घातलेल्या मोकळ्या खणांचा मार्ग धरला. गाभण माद्यांचे एकेकटे अरुंद कप्पे ब्रिटनमध्ये १९९९ पासून बंद आहेत. यूरोपीय संघात २०१३ पासून ते फळल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांपुरते आणि विण्याआधीच्या एका आठवड्यापुरते मर्यादित झाले. प्रसूतिपिंजरा मात्र तेथे बहुतेक देशांत अजून चालतो. ब्रिटनमधील सुमारे ४० टक्के माद्या शेतातच, पत्र्याच्या कमानदार खोपटांत वितात.

भारतीय हवामानात पेंढ्याचा ऐसपैस खण अधिक सोयीचा. छपराखाली ७ ते ९ चौ. मी. जागा, घसरू न देणारी उतरती फरशी, आणि भिंतीपासून व जमिनीपासून २० ते २५ सेंमी. अंतरावर बसवलेला नळीचा कठडा, एवढ्याने बरेच काम भागते. मादी भिंतीला टेकून खाली बसली, तरी कठड्यामागच्या फटीत पिल्लू वाचते. कोपऱ्यात पिल्लांपुरता आडोसा करून त्यात दिवा लावावा. उन्हाळ्यात आईच्या अंगावर पाण्याचा शिडकावा करावा, पण पिल्लांचा कोपरा कोरडा ठेवावा.

दूध : डुकरिणीच्या कासेत दूध साठत नाही. तासाभराने एकदा ती कुशीवर पडून ठेक्यात हुंकार देते. पिल्ले नाकाने कास चोळतात, हुंकाराचा वेग वाढतो आणि मग अवघे दहा-वीस सेकंद पान्हा येतो. तेवढ्यात तोंडात सड नसेल, तर पिल्लाची ती पाळी चुकते. म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांत सडांसाठी झटापटी होतात आणि नंतर प्रत्येकाचा सड ठरून जातो. सडांपेक्षा पिल्ले जास्त झाल्यास, चीक मिळाल्यावर, धडधाकट पिल्ले दुसऱ्या व्यालेल्या मादीकडे लावतात. गर्भात आईकडून रोगप्रतिबंधक द्रव्ये मिळत नसल्याने पहिल्या दिवसाचा चीक अनिवार्य आहे.

दुधात लोह फार कमी असते. पिल्लाची रोजची गरज ७ ते १० मिग्रॅ., दुधातून मिळते जेमतेम १ मिग्रॅ. मातीत नाक खुपसणाऱ्या पिल्लाची उणीव त्यातून भागते. फरशीवर वाढणाऱ्याला तिसऱ्या दिवसाच्या सुमारास २०० मिग्रॅ. लोहाचे इंजेक्शन देतात. ते चुकल्यास पिल्ले पांढरीफटक पडतात व त्यांना धाप लागते.

खाद्य : गाभण मादीला रोज २ ते २.५ किग्रॅ. मोजूनच द्यावे, लठ्ठ मादीचे विणे अडते आणि व्याल्यावर तिची भूक मंदावते. दूध पाजताना मात्र ५ ते ७ किग्रॅ.पर्यंत, दिवसातून दोन-तीनदा, पोटभर घालावे. मका, गव्हाचा किंवा भाताचा कोंडा, सोयाबीन वा शेंगदाण्याची पेंड, थोडी मासळीची कुटी व क्षारमिश्रण हा नेहमीचा मेळ. पाण्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दुभत्या मादीला दिवसाला २० ते ४० लि. पाणी लागते आणि ते कमी पडले की दूध घटते. कळपात ठेवलेल्या गाभण माद्यांत दांडग्या माद्या दुबळ्यांना गव्हाणीवरून हुसकतात. त्यासाठी मोठ्या फार्मवर कानातला बिल्ला ओळखून एकेकीला तिचा वाटा देणारी यंत्रे बसवतात. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून आडोशात, आईचे तोंड पोचणार नाही असे, २० ते २२ टक्के प्रथिनांचे बारीक खाद्य ठेवतात. यूरोपात साधारणतः २८ दिवसांनी, भारतात बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी दूध तोडतात. दूध तुटल्यावर मादी चार ते सात दिवसांत पुन्हा माजावर येते.

गोव्यातील आगोंद गोवन ही काळी, काटक देशी जात आणि ईशान्येकडील घरगुती डुकरे पूर्वापार परसात, घरच्या उरल्यासुरल्या अन्नावर वाढली. २०२० मध्ये आफ्रिकी वराह ज्वराची भारतातील पहिली नोंद आसाम व अरुणाचल प्रदेशात झाली. या रोगावर तेव्हा लस नव्हती, आणि हॉटेलच्या खरकट्यातील कच्च्या मांसातून तो पसरतो. त्यामुळे असे खरकटे टाळावे; देणे भागच असेल, तर किमान अर्धा तास खळखळून उकळूनच घालावे.