कूतमधली भाकरी

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा शिपायांबद्दल वाचताना मी लढायांपेक्षा त्यांच्या चुली शोधते. टायग्रिसच्या वळणावरच्या कूत गावाला ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांचा वेढा पडला. आत ब्रिटिश सेनापती टाउनशेंडच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. खंदकातच बिऱ्हाड मांडलं. जानेवारीत पुराचं पाणी तिथंही शिरलं. दळणासाठी जात्याचे दगड विमानातून टाकावे लागले! ज्वारी-नाचणीवर वाढलेल्या माणसांची भाकरी आता जवाची झाली, तीही दिवसेंदिवस लहान. गोरे शिपाई घोड्याचं मांस खात. बहुतेक हिंदी शिपायांनी मात्र ते महिनोन्‌महिने नाकारलं. धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा आल्या, तरीही. त्यांना हट्टी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. परतल्यावर गावच्या पंगतीत जागा मिळेल का, ही धास्ती खरी होती. भाजीपाल्याविना हिरड्या सुजल्या, म्हणून ते रानपाला खुडून शिजवत. त्यातला काही विषारी निघाला. एप्रिलमध्ये, कोठार तळाला गेल्यावर, अनेकांनी मांस तोंडात घातलं. २९ एप्रिल १९१६ला कूत पडलं. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना पुढं रास अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपण्यात आलं.