वरचे चौल, खालचे चौल

शाळेची सहल म्हटली की रायगड, मुरूड-जंजिरा किंवा मुंबईचे तारांगण, अशी आमच्याकडे ठरलेली यादी असते. गेल्या हिवाळ्यात आम्ही ती मोडली. उर्दू माध्यमाच्या आठवीची बेचाळीस मुले, आम्ही तीन शिक्षक, एसटीची एक गाडी आणि घराघरांतून आलेले डबे घेऊन आम्ही अलिबागमार्गे रेवदंड्याला निघालो. इतिहासाच्या तासाला पोर्तुगीज दोन ओळींत येतात आणि दोन ओळींत जातात. पण त्यांचे एक तटबंद शहर आपल्याच जिल्ह्यात उभे आहे, हे मुलांना डोळ्यांनी दाखवावे, एवढाच हेतू होता.

गाडीत आम्ही थोडी पूर्वतयारी करून घेतली. पोर्तुगीजांनी समुद्र आपल्या मालकीचा ठरवला होता. त्यांचा कर्ताझ, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोणाचे जहाज सुखरूप जात नसे. हाजींची जहाजेही यातून सुटली नव्हती. त्या परवान्यावर मरियम आणि ईसा यांच्या तसबिरी असत. त्यामुळे असा कागद बाळगून हजला जावे की नाही, हा वाद अकबराच्या दरबारातल्या उलेमांपर्यंत गेला होता. बदायुनीने हे लिहून ठेवले आहे. आम्ही हे जरा आवेशाने सांगितले, हे कबूल करायला हवे. मुले कान देऊन ऐकत होती. शिक्षकाला आणखी काय हवे असते?

किल्ला म्हणजे डोंगर, अशी मुलांची समजूत. रेवदंड्याला रस्ता तट फोडून थेट आतच शिरतो आणि आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, माणसांची घरे. मुलांना वाटले, गाडी चुकली! पण हेच खालचे चौल. वरचे चौल म्हणजे आत पसरलेले जुने बंदर. ते आधी बहमनींचे आणि मग अहमदनगरच्या निजामशाहीचे होते. १५२१ मध्ये बुरहान निजामशहाने पोर्तुगीजांना खाडीच्या मुखाशी किल्ला बांधायची परवानगी दिली आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. शाही बंदरात अरबी घोडे यावेत, व्यापार वाढावा, हा त्यामागचा हिशेब. पुढे सव्वादोनशे वर्षे ही दोन गावे शेजारी नांदली, भांडली आणि एकमेकांशी व्यापार करत राहिली.

भांडणेही साधी नव्हती. किल्ल्याच्या आधी, १५०८ मध्ये, याच खाडीत इजिप्तच्या सुलतानाचा अमीर हुसेन आणि दीवचा मलिक अयाझ यांनी पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला. व्हाइसरॉय आल्मेदाचा तरुण मुलगा लोरेन्सो त्या लढाईत पडला. पुढच्याच वर्षी बापाने दीवला त्याचा सूड घेतला. मग १५७० च्या अखेरीस मुर्तझा निजामशहाने या तटाला वेढा घातला. त्याच वेळी अली आदिलशहा गोव्याला भिडला होता. वेढा कित्येक महिने चालला आणि १५७१ च्या पावसाळ्यात तहावर संपला. फरिश्ता लिहितो की पोर्तुगीजांनी नजराणे, त्यातही दारू, देऊन निजामशाही सरदार फोडले. यावर मुले खो खो हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही.

तटाच्या आत सातखणी बुरूज दिसतो. त्याला बुरूज म्हणतात, पण मुळात तो फ्रान्सिस्कन साधूंच्या सांता बार्बरा चर्चचा मनोरा. समुद्राच्या अंगाला मुख्य चर्चचे अवशेष आहेत. त्याला कॅथेड्रल म्हणण्याची रीत पडली आहे. खरे तर कॅथेड्रल म्हणजे बिशपचे पीठ असलेले चर्च. चौलला स्वतंत्र बिशप नव्हता, इथला धर्मकारभार गोव्याहून चाले. पोर्तुगीज त्याला ‘मात्रिझ’, म्हणजे नगराचे मातृचर्च म्हणत. मुलांना आम्ही सांगितले, मोहल्ल्याची मशीद आणि जामा मशीद यांत जो फरक, तसाच काहीसा. ते त्यांना चटकन पटले.

एवढ्यात मागून गलका झाला. आमच्यातल्या एका हुशार मुलाने कोळशाने चर्चच्या भिंतीवर आपले नाव लिहिले होते. आमचे सहकारी त्याच्यावर ओरडले. मुलगा घाबरला नाही. आमच्याकडे बघून म्हणाला, “सर, ये तो दुश्मन का गिरजा था ना?”

आम्ही निरुत्तर झालो. हे वाक्य त्याने कुठून उचलले, हे विचारायची गरज नव्हती. सकाळी गाडीत आम्हीच ते पेरले होते. आम्ही सांगितले त्यात खोटे काही नव्हते. १५६७ च्या गोव्यातल्या धर्मपरिषदेने पोर्तुगीज मुलखात इतर धर्मांच्या जाहीर उपासनेला बंदी केली, हेही खरेच आहे. पण खरे सांगतानाही किती सांगायचे राहून जाते! मलिक अयाझने त्या लढाईत पकडलेल्या पोर्तुगीज कैद्यांना चांगले वागवले होते, हे आम्ही सांगितले नव्हते. या चर्चमध्ये जी माणसे गुडघे टेकत, त्यांच्या वंशजांशी आज आपले काय वैर, हेही सांगितले नव्हते. मुलाला रुमाल ओला करून दिला. त्याने पुसले, पण डाग पुरता गेला नाही.

किनाऱ्यावरून खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर दिसतो. १५९४ मध्ये तो पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे गेले आणि पोर्तुगीज सत्ता इथून उठली. सत्ता उठली, भाषा राहिली. कोर्लईची ख्रिस्ती मंडळी घरात आजही पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून घडलेली आपली बोली बोलतात. हे ऐकून मुले चमकली. आमची मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दू, बाजारात मराठी. “म्हणजे ते पण आपल्यासारखेच?” एका मुलीने विचारले. रेवदंड्यातच बेने इस्रायलींचे १८४२ चे बेथ एल सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे शनवार तेली घरात मराठीच बोलत आले.

दुपारी डबे संपवून आम्ही वरच्या चौलला गेलो. तिथे जुना हमामखाना आहे. मुले उत्साहाने आत शिरली आणि थबकली. भिंतींवर नावे, तारखा, बाणाने छेदलेली बदामे. सकाळचा तो मुलगा बराच वेळ एका नावासमोर उभा होता. ते नाव आपल्यातलेच होते. आम्ही काही बोललो नाही.

तिथेच बसून आम्ही उरलेला धडा घेतला. अरब प्रवासी अल-मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास इथे आला होता. तेव्हा या बंदराला अरब सैमूर म्हणत. राज्य शिलाहार झंझ राजाचे. मसूदी सांगतो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला राजा त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमत असे. त्याला ‘हुनरमन’ म्हणत. हिंदू राजाच्या राज्यात, गझनीचा महमूद जन्मायच्याही आधी, आपली माणसे या किनाऱ्यावर बायकामुलांसह नांदत होती. ती तलवार घेऊन आली नव्हती, गलबतातून माल घेऊन आली होती. ही गोष्ट आमच्या मुलांना ठाऊक नव्हती आणि शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलांनाही ठाऊक नसावी.

परतताना तो मुलगा आमच्याजवळ येऊन बसला. “सर, उस वक्त गिरजेवालों का भी कोई हुनरमन होता तो?” त्याने विचारले. बी.एड.च्या कोणत्याही पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. प्रश्न मात्र बरोबर होता.

पुढच्या वर्षीची सहल आम्ही ठरवून टाकली आहे. आधी वरचे चौल, मग खालचे. शेजारच्या मराठी शाळेच्या गुरुजींशी बोलणे झाले आहे, दोन्ही शाळांची मुले एकाच गाडीने नेऊ. आणि या वेळी गाडीत काय सांगायचे, ते आम्ही आधी नीट ठरवून घेऊ.