तबकडीतून निघालेल्या दोन वाटा : गदग ते ग्वाल्हेर, सुळेभावी ते देवास

आपल्याकडे संगीताचा इतिहास बहुतेक वेळा घराण्यांच्या अंगानं लिहिला जातो. कोण कुणाचा शिष्य, कुणी कुणाकडे किती वर्षं गंडा बांधून काढली, कोणत्या दरबारात कुणाची नेमणूक झाली, असा. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत या सगळ्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट खेड्यापाड्यांत पोचली होती. लाखेची तबकडी आणि चावीचा फोनो. सीमाभागातली दोन मुलं केवळ तबकडी ऐकून गाण्याकडे ओढली गेली आणि पुढे एक ग्वाल्हेरला जाऊन आला, दुसरा देवासला कायमचा राहिला. या टिपणात त्या दोघांच्या निमित्तानं तबकडीनं नेमकं काय दिलं आणि काय दिलं नाही, ते पाहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कोलकात्याला आला आणि नोव्हेंबरात त्यानं गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हानोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिराला कोण गातंय ते कळावं म्हणून गायिका शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत उच्चारत असे. १९०८ मध्ये कोलकात्यातच कारखाना निघाला आणि माल इथेच तयार होऊ लागला. मायक्रोफोन नव्हता तोवर गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून, एका आवाजीनं गावं लागे. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर रूढ झालं आणि मग आवाजातले बारकावे तबकडीत उतरू लागले.

वेळेची अडचण मात्र तशीच राहिली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. मैफलीत तास-दीड तास चालणारा ख्याल तेवढ्यात बसवायचा! स्थायी, अंतरा, दोन-चार आलाप, थोड्या ताना की संपलं. त्यामुळे ठुमरी, भजन, नाट्यपद हे प्रकार तबकडीवर जास्त खुलले.

आता पहिला मुलगा. भीमसेन जोशी, जन्म १९२२, गाव गदग. घरची भाषा कानडी. मुलूख तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला, म्हणजे मराठी नाटक कंपन्यांच्या फिरतीचा. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लहानपणी दुकानातल्या फोनोवर ऐकली आणि असंच गायचं हे मनात बसलं, असं भीमसेन स्वतः सांगत. अकराव्या वर्षी, १९३३च्या सुमारास, हा मुलगा गुरू शोधायला घराबाहेर पडला. ख्यालाचं माहेर म्हणून ग्वाल्हेरचं नाव त्याच्या कानावर होतं. आगगाडीत प्रवाशांना गाणी ऐकवत, मजल दरमजल करत तो तिथे पोचला आणि माधव संगीत विद्यालयात राहिला. ही शाळा पं. भातखंडे यांच्या प्रेरणेनं १९१८ साली सुरू झालेली, शिंदे सरकारांच्या आश्रयानं चालणारी. तिथून फिरत फिरत तो जालंधरपर्यंत गेला. तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी सांगितलं की तू शोधतोयस ते गाणं तुझ्या घराजवळच आहे, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जा.

यातली गंमत लक्षात घ्या. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, अब्दुल करीम खाँसाहेबांचे पट्टशिष्य. ज्या गळ्याच्या शोधात मुलगा अर्धा हिंदुस्थान हिंडला, त्याची तालीम गदगपासून हाकेच्या अंतरावर मिळत होती. तबकडीनं सूर दिला, पण पत्ता दिला नाही.

खुद्द खाँसाहेबांचा पत्ता तरी कुठे एक होता? उत्तरेतलं कैराना हे मूळ गाव, मग बडोद्याचा दरबार, पुढे मिरज. बडोद्यातल्या ताराबाई माने यांच्याशी त्यांनी संसार थाटला. त्यांची मुलगी हिराबाई मिरजेत जन्मली, तरी तबकडीवर नाव छापून आलं ते ‘बडोदेकर’. जुन्या तबकड्यांची लेबलं अशी वाचली तर आपल्या विखुरलेल्या गावांचा नकाशाच उभा राहतो: बडोदेकर, केरकर, कुर्डीकर, मंगेशकर, हंगल. गंगूबाई हंगल यांचं नाव मात्र सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘गांधारी’ असं आहे. त्यांनी ग. ना. जोशी यांच्याबरोबर मराठी भावगीताचं द्वंद्वगीतही गायलं. ख्याल आणि भावगीत यांच्यामधली भिंत तबकडीच्या जगात तितकीशी उंच नव्हती.

दुसरा मुलगा शिवपुत्र कोमकळीमठ, म्हणजेच कुमार गंधर्व. जन्म १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. हा मुलगा सहा-सात वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून तशाच्या तशा गाऊन दाखवी. लोक तोंडात बोट घालत. पण हुबेहूब नक्कल ही शेवटी नक्कलच. दहा-अकरा वर्षांचा असताना तो मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर पलुस्करांचे शिष्य, पण कान सगळ्या घराण्यांसाठी उघडा. तबकडीतल्या तीन मिनिटांमागे रागाचा केवढा पसारा आहे, हे कुमारांना तिथे उलगडत गेलं.

१९४८ साली क्षयामुळे हवापालट म्हणून ते इंदूरजवळच्या देवासला आले. काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात कानावर पडत राहिलं ते माळव्यातलं लोकगीत. त्यातून पुढे नव्या रागांची आणि बंदिशींची वाट निघाली. ज्यानं लहानपणी दुसऱ्यांचे आवाज गळ्यात मुरवले, तो पुढे कुणासारखाच गायला नाही.

म्हणजे एकाच यंत्रानं दोन वेगळी कामं केली. भीमसेनना तबकडीनं अस्वस्थ केलं, त्यात जे नाही ते शोधायला घराबाहेर काढलं. कुमारांना तिनं सगळं एकदम हाती दिलं, आणि त्यातून सुटायला त्यांना निम्मं आयुष्य द्यावं लागलं. तबकडीला गुरू म्हणणं जास्त होईल. पण निव्वळ करमणूक म्हणणंही कमीच.

या पुराव्याची मर्यादाही ओळखायला हवी. अल्लादिया खाँसाहेबांचं गाणं तबकडीवर आलं नाही, भास्करबुवा बखल्यांचंही नाही. बडोद्याच्या तालमीत घडलेले भास्करबुवा आपल्याला फक्त आठवणींतून आणि शिष्यांच्या गळ्यातून कळतात. अल्लादिया खाँसाहेबांची सावली दिसते ती त्यांच्या गोमंतकीय शिष्यांमध्ये. त्यातल्या केरीच्या केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीत गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई वारल्या.

शेवटी कामाचं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, बेळगाव इथल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर अजून तबकड्या आहेत, आणि वाडा पाडताना त्या भंगारात जातात. आपल्याकडे असतील तर आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. स्पिरिटनं पुसू नका, त्यात लाख विरघळते. लेबलवरचं नाव, क्रमांक आणि मधल्या कोऱ्या भागात कोरलेले आकडे वहीत उतरवून ठेवा. मुद्रण कधीचं ते ठरवायला हेच आकडे उपयोगी पडतात. आणि तबकडी घरात कुणी आणली, कोणत्या दुकानातून, कोण ऐकायचं, हेही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. गाणं कदाचित दुसरीकडे मिळेल, पण ते आपल्या गावात कुणाच्या कानावर पडलं, ही नोंद दुसरं कुणी करणार नाही.