हाली आणि कलदार

देऊळगाव राजाहून जालन्यास जाणाऱ्या वाटेवर एके काळी दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे इंग्रजी कलदार, पलीकडे निजामाचा हाली शिक्का. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारात गेला. निजामाने टांकसाळ मात्र सोडली नाही. पुढे स्थिरावलेला सरकारी भाव असा, की शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. म्हणजेच सात हालींचे सहा कलदार. जालन्याच्या बाजारी सत्तर हालीस बैल विकणाऱ्या बुलढाण्याकडील कुणब्याच्या पदरी फार तर साठ कलदार पडावयाचे, आणि सरकारचा सारा तर कलदारांतच भरावयाचा! सराफाचा बट्टा त्याहून निराळा. १९४८ साली संस्थान भारतात आले, १९५१ मध्ये नवे हाली काढणे थांबले. जुने मात्र १९५९ मध्ये रद्द झाले.