गोधड्यांचा स्टुडिओ

माझ्या परिचयाच्या एक शिक्षिका अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करतात. जागा म्हणजे घरातली एक रिकामी खोली. मुले म्हणाली, ‘बाई, शब्द एकमेकांवर चढतात.’ परीक्षेच्या तोंडावर हे परवडणारे नव्हते. बाई जास्त किमतीचा मायक्रोफोन घ्यायला निघाल्या. पण दोष मायक्रोफोनचा नव्हता, खोलीचा होता. हे सिद्ध होऊन शंभराहून अधिक वर्षे झाली आहेत.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या सभागृहात वक्त्याचे बोलणेच कळेना. दुरुस्तीचे काम वॉलेस सॅबाइन या सत्तावीस वर्षांच्या भौतिकीच्या प्राध्यापकाकडे आले. त्याची साधने म्हणजे ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि स्वतःचे कान! नळी वाजवून थांबवायची आणि आवाज किती वेळाने ऐकू येईनासा होतो ते मोजायचे. रिकाम्या सभागृहात पाच सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. तेवढ्या वेळात वक्ता दहा-पंधरा शब्द पुढे गेलेला असे. यालाच आपण निनाद म्हणतो.

मग सॅबाइनने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. गाद्या वाढवत जावे तसा निनाद कमी होत गेला. या मोजमापांतून एक साधे सूत्र निघाले: खोलीचे घनफळ (घनमीटरमध्ये) गुणिले ०.१६, भागिले खोलीतील एकूण ध्वनिशोषण. आवाजाची तीव्रता मूळच्या दशलक्षांश होण्यास लागणारे सेकंद यावरून मिळतात. १९०० साली उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल याच ज्ञानाच्या आधारे बांधले गेले.

घरी ध्वनिमुद्रण करण्याची कल्पनाही तशी जुनीच. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये स्टुडिओ थाटला होता. तबकडी कोरण्याचे यंत्र त्याने मोटारीचे जडचक्र वापरून स्वतः बनवले. एका तबकडीवरचे वादन ऐकत त्यात नवे वादन मिसळायचे आणि दुसऱ्या तबकडीवर उतरवायचे, अशा रीतीने आठ गिटारींचा भास देणारी त्याची ध्वनिमुद्रिका १९४८ साली निघाली.

१९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली. १९७९ मध्ये टीॲक कंपनीने त्याच कॅसेटवर चार स्वतंत्र मार्ग मुद्रित करणारे १४४ हे यंत्र काढले. जानेवारी १९८२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन या गायकाने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात असे यंत्र आणि दोन साधे मायक्रोफोन घेऊन नवी गाणी केवळ नमुन्यादाखल मुद्रित केली. ती कॅसेट तो खिशात घालून हिंडत असे. पुढे मोठ्या स्टुडिओत साथीदारांसह तीच गाणी करून पाहिली, पण मूळचा भाव येईना. अखेर कॅसेटवरचीच गाणी ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. यंत्र स्वस्त असले म्हणजे काम हलके होते, असे नाही.

आता बाईंच्या खोलीकडे वळू. लांबी ४ मीटर, रुंदी ३, उंची ३. घनफळ ३६ घनमीटर, सर्व पृष्ठभाग मिळून ६६ चौरस मीटर. गिलाव्याची भिंत आपल्यावर पडलेल्या ध्वनीच्या सुमारे ३ टक्केच शोषते. म्हणजे एकूण शोषण साधारण २ आणि निनाद २.९ सेकंद! १० चौरस मीटर भागावर निम्मा ध्वनी शोषणाऱ्या जाड गोधड्या टांगल्या, तर शोषण ६.७ होते आणि निनाद ०.९ सेकंदांच्या खाली येतो. शिवाय मायक्रोफोनचे अंतर निम्मे केले की थेट आवाजाची तीव्रता चौपट होते. निनाद मात्र तेवढाच राहतो.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. गोधडी खर्जातला आवाज फारसा शोषत नाही आणि बाहेरच्या रिक्षाचा आवाज अडवत नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि घट्ट दार हवे, किंवा पहाटेची वेळ.

बाईंनी घरातल्या गोधड्या दोरीवर टांगल्या आणि मायक्रोफोन वीतभर अंतरावर घेतला. मुलांची तक्रार थांबली. आपल्या शाळेतही हा प्रयोग सहज होईल. रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा, मग मुले भरलेल्या वर्गात दुसरी. फरक कशामुळे पडला, हे मात्र मुलांनाच सांगू द्या.