धार आणि देवास : माळव्यातील दोन राजधान्यांचा वारसा

मराठ्यांच्या इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी सामान्यतः सातारा, पुणे, कोल्हापूर येथे खिळते. महाराष्ट्राबाहेर गेलीच तर ती बडोदे, ग्वाल्हेर व इंदूर येथवर जाऊन थांबते. नर्मदा ओलांडून माळव्यात गेलेल्या मराठी घराण्यांनी ज्या लहान राजधान्या नांदत्या ठेवल्या, त्यांच्याकडे वळण्यास आपणांस सवड होत नाही. धार व देवास या अशा दोन राजधान्या होत. दोन्ही पवारांच्या, दोन्ही आज मध्य प्रदेशातील जिल्ह्यांची मुख्य ठाणी. नगराचा वारसा नेमका कशात साठविलेला असतो, आणि त्यातील कोणता भाग आधी नष्ट होतो, हा प्रश्न या दोन गावांच्या निमित्ताने येथे विचारात घ्यावयाचा आहे.

धारचे मोठेपण मराठी माणसास लहानपणापासून ठाऊक असते, फक्त ते धारचे आहे हे ठाऊक नसते. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली’ ही म्हण आपल्या घराघरांत आहे. त्या भोजाची राजधानी ती हीच धारानगरी. परमारवंशीय भोजाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे चार दशके राज्य केले. वास्तुशास्त्रावरील ‘समरांगणसूत्रधार’, साहित्यशास्त्रावरील ‘शृंगारप्रकाश’ व ‘सरस्वतीकंठाभरण’ हे ग्रंथ त्याच्या नावावर आहेत. त्याचा चुलता वाक्पती मुंज हाही विद्वानांचा आश्रयदाता होता. परंतु कल्याणीच्या चालुक्यांशी युद्ध मांडून तो तैलपाच्या हाती सापडला व प्राणास मुकला. पुढे भोजाच्या काळी चालुक्य सोमेश्वराने धारा लुटली. म्हणजे दक्षिणेचा आणि धारेचा संबंध मराठ्यांपासून सुरू होतो असे नव्हे. तो वैराच्या रूपाने का होईना, सहस्र वर्षांचा आहे. नागपूरच्या संग्रहालयातील इसवी सन ११०४ ची प्रसिद्ध शिलाप्रशस्ती परमारांचीच आहे, हेही येथे स्मरणात ठेवावे.

परमारांच्या उत्तरकाळातील एक गोष्ट विशेष मननीय आहे. तेराव्या शतकाच्या आरंभी अर्जुनवर्मा राज्य करीत असता त्याचा गुरू मदन याने ‘पारिजातमंजरी’ नावाची चार अंकी नाटिका रचली. ती वसंतोत्सवात धारेच्या सरस्वतीसदनात प्रयोगासाठी होती आणि काळ्या शिळांवर कोरून ठेवली होती. १९०३ साली तिची एक शिळा कमालमौला मशिदीच्या वास्तूत उजेडात आली. धार संस्थानच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांच्या चौकसपणाचे हे फळ होय. जर्मन पंडित हुल्ट्झ यांनी तिचा पाठ प्रसिद्ध केला. त्या शिळेवर दोनच अंक आहेत. उरलेले दोन अंक ज्या शिळेवर होते ती सापडलेली नाही. ज्या वास्तूस लोक भोजशाळा व कमालमौला मशीद अशा दोन्ही नावांनी ओळखतात, तिच्याविषयीचा वाद न्यायालयात गेला व २०२४ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुरातत्त्व खात्याने तिची पाहणी केली. त्या वादात पडण्याचे प्रयोजन येथे नाही. आम्हांस एवढेच नमूद करावयाचे आहे की, दगडावर कोरलेली कृतीसुद्धा अर्धीच आपल्या हाती लागली आहे.

धारचा लोहस्तंभ हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने सांगतो. त्याचे तीन तुकडे झाले असून त्यांची एकत्रित लांबी सुमारे ४३ फूट भरते. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ याच्या निम्म्याहून थोडासाच अधिक आहे. अल्लाउद्दीन खिलजीच्या सैन्याने १३०५ साली माळवा जिंकला; पुढे सुभेदार दिलावरखान घोरी स्वतंत्र झाला आणि त्याने १४०५ साली बांधविलेली मशीद या स्तंभामुळे, म्हणजे लाटेमुळे, ‘लाट मशीद’ म्हणून ओळखली जाऊ लागली. स्तंभावर अकबराच्या काळचा फारसी लेखही आहे. एकाच लोखंडावर तीन राजवटींची आठवण चिकटली आहे. दिलावरखानाचा पुत्र होशंगशहा याने राजधानी मांडूस नेली आणि धार मागे पडली.

तिला पुन्हा राजधानीचा मान मिळाला तो पवारांमुळे. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी आप्पांच्या फौजेने आमझेरा येथे मोगल सुभेदार गिरधरबहादूर व त्याचा आप्त दयाबहादूर यांचा पाडाव केला. माळव्यातील मराठी सत्तेचा पाया या लढाईने घातला गेला. उदाजी पवार हे माळव्यातील मोहिमांचे आद्य नायक. परंतु १७३१ साली डभईच्या प्रकरणात त्यांनी सेनापती दाभाड्यांचा पक्ष धरला व पेशव्यांची मर्जी गमावली. त्यांचे बंधू आनंदराव यांजकडे धारचा कारभार आला. आनंदरावांचे पुत्र यशवंतराव १७६१ साली पानिपतावर पडले. पानिपताचा पाठ शिकविताना विश्वासराव व भाऊसाहेब यांची नावे घेतली जातात. धारच्या या धन्याचे नाव क्वचितच उच्चारले जाते.

पेशवाईच्या अखेरच्या पर्वाचा आरंभही एका अर्थी धारच्या किल्ल्यातच झाला. राघोबादादा मुलूखभर फिरत असता आनंदीबाईंनी या किल्ल्याचा आश्रय घेतला, आणि १७७५ च्या जानेवारीत तेथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. त्यानंतरची चाळीस वर्षे धारला फार कठीण गेली. शिंदे व होळकर या बलाढ्य शेजाऱ्यांच्या ओढाताणीत संस्थान झिजत झिजत नाममात्र उरले. ते तगले ते दुसऱ्या आनंदरावांच्या विधवा मैनाबाई यांच्या धैर्यामुळे. पती गेलेले, पदरी दत्तक मूल, भोवती लुटारूंचा सुळसुळाट. अशा स्थितीत त्यांनी गादी राखली व १८१९ साली इंग्रजांशी तह झाला. अहल्याबाईंच्या पंक्तीस नव्हे, पण त्यांच्या छायेत या बाईंचे नाव अवश्य असावे. १८५७ साली किल्ल्यातील शिबंदीने उठाव केला, इंग्रजांनी किल्ला घेतला व संस्थान खालसा केले. १८६० साली ते पवारांस परत मिळाले.

देवासची कथा निराळीच आहे. तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू बाजीरावांबरोबर माळव्यात आले. त्यांना मिळालेला मुलूख पुढे थोरली पाती व धाकटी पाती असा विभागला गेला. दोन राज्ये, दोन गाद्या, दोन दरबार. राजधानी मात्र एकच! दोघांचीही सलामी पंधरा तोफांची. भाऊबंदकी मराठ्यांस नवी नाही, पण ती रक्तपाताविना इतकी नेटकी नांदविलेली अन्यत्र आढळणे कठीण. गावाच्या मस्तकावरील टेकडीवर तुळजाभवानी व चामुंडा अशा दोन देवींची स्थाने आहेत. लोक त्यांस थोरली माता व धाकटी माता म्हणतात. दोन पात्यांच्या गावास दोन देवीच साजतात.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांचे जामात. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली त्यांचे चिटणीस होते, आणि १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकाचे नाव याच टेकडीवरून पडले आहे. तुकोजीरावांचा शेवट कर्जबाजारी अवस्थेत, राज्य सोडून पाँडेचरीस झाला. त्यांचे पुत्र विक्रमसिंहराव १९४७ साली शहाजी या नावाने कोल्हापूरच्या गादीवर बसले. पुढच्याच वर्षी धार व देवास ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली व १९५६ साली मध्य प्रदेशात आली.

राज्ये गेली, परंतु या गावांनी कलेच्या प्रांतात जे दिले ते राज्यांहून मोठे आहे. कवी भास्कर रामचंद्र तांबे यांच्या विद्यार्थिदशेचा काही काळ देवासला गेला. वसईचे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके धारला येऊन स्थायिक झाले. गिरगाव चौपाटीवरील लोकमान्यांचा पुतळा त्यांचाच. उस्ताद रजबअली खाँ हे देवासचे भूषण. आणि १९४८ च्या जानेवारीत क्षयाने जर्जर झालेला एक तरुण गवई कोरड्या हवेसाठी देवासला आला. बेळगावकडच्या सुळेभावीत जन्मलेल्या, मुंबईस देवधरांकडे शिकलेल्या कुमार गंधर्वांनी रोगशय्येवर माळवी बायकांची गाणी ऐकली, त्यांतून रागांची बीजे वेचली, आणि १९९२ साली देह ठेवीपर्यंत ते देवासचेच राहिले. मराठ्यांनी माळव्यास काय दिले, याची मोजदाद आपण नेहमी करतो. माळव्याने आपणांस काय दिले, याचे उत्तर या एका नावात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परमारांचा वारसा शिळांत आहे, सुलतानांचा घुमटांत आहे. पवारांचा वारसा बव्हंशी कागदात आणि जिभेवर आहे. मोडीतील दफ्तरे, सनदा, हिशेबाच्या वह्या, खाजगी पत्रे, आणि घरात बोलली जाणारी माळव्यातील मराठी यांतच तो साठला आहे. दगड निष्काळजीपणातही शतकानुशतके टिकतो. कागदास वाळवी लागण्यास एक पावसाळा पुरतो, आणि भाषा हरपण्यास एक पिढी. ज्या घरातील नातवास मोडी तर नाहीच, पण आजीची मराठीही वाचता येत नाही, त्या घरातील रुमाल रद्दीच्या दुकानाची वाट धरतो. त्यात काय होते हे कोणासही कळत नाही. पारिजातमंजरीचे दोन अंक हरवले हे आपणांस ठाऊक आहे, कारण पहिले दोन सापडले. या रुमालांतील हरवलेल्या अंकांची तर नोंदही राहणार नाही.

म्हणून या जबाबदारीचा पहिला वाटा आम्हां शिक्षकांचा आहे, असे आम्हांस वाटते. लेले हे शिक्षणखात्यातीलच गृहस्थ होते. रोजचे काम सांभाळून भिंतीतील एका शिळेकडे त्यांनी जिज्ञासेने पाहिले, एवढ्याने संस्कृत वाङ्मयात एका नाटिकेची भर पडली. माळव्यातील प्रत्येक मराठी शाळेने व महाराष्ट्र मंडळाने आपल्या गावातील जुन्या घरांची एक यादी करावी, कोणाकडे कोणते कागद आहेत याची नोंद ठेवावी, आणि निदान दोन विद्यार्थ्यांस मोडी शिकवावी. महाराष्ट्रातील विद्वत्संस्थांनी त्यांस वाचक व मार्गदर्शक पुरवावेत. या कामास फार द्रव्य लागत नाही. लागते ती वेळेवर पोहोचण्याची घाई.